पुकारा नसलेली पावणी

जत्रा आटोपल्यावर देवळाच्या प्रांगणात पावणी कशी होते, हे गोव्यातील माणसाला सांगावयास नको. देवापुढे आलेले केळ्यांचे घड, नारळ, फळफळावळ समोर मांडलेली असते. बोली सुरू होते, कोणी पाच रुपये चढवतो, कोणी दहा; अखेर पुकारा होऊन वस्तू घेणाऱ्याच्या हाती पडते. मानशीची पावणी असो किंवा नगरपालिकेच्या सोपोची असो, रीत एकच. वस्तू कोणाची, बोली कोणाची, किंमत किती आणि पैसा कोणाच्या पदरात पडला, हे जमलेल्या चारचौघांना ऐकू येते. त्या चारचौघांचे कान हीच त्या व्यवहाराची हमी असते.

आज जगातील सर्वांत अवाढव्य पावणी आपल्या हातातील मोबाइलवर अहोरात्र चालू आहे. परंतु तिचा पुकारा कोणालाच ऐकू येत नाही. वाचक एखाद्या वृत्तपत्राचे संकेतस्थळ उघडतो. मथळा वाचून होण्यापूर्वीच कडेला मिक्सरची नाही तर गृहकर्जाची जाहिरात येऊन उभी राहते. शेजाऱ्याने तेच पान त्याच क्षणी उघडले, तर त्याला तेथे निराळीच जाहिरात दिसते. ही जागा विकली कोणी आणि घेतली कोणी? संपादकाला विचारावे तर त्याला सांगता येत नाही. मिक्सर बनवणाऱ्याला विचारावे तर आपली जाहिरात त्या पानावर झळकली होती, याचा त्याला बहुधा पत्ताही नसतो. विकणारा आणि घेणारा या दोघांनाही जिचा थांग लागत नाही, अशी ही बाजारपेठ आहे. वृत्तपत्रांची उपजीविका आणि पर्यायाने वाचकाच्या पुढ्यात काय वाढले जाणार, हे तिच्यावर अवलंबून असल्यामुळे तिचा विचार करणे प्राप्त आहे.

छापील वृत्तपत्राचा जाहिरातव्यवहार साधासुधा आहे. दर स्तंभ-सेंटिमीटरचा, दरपत्रक छापलेले. दुकानदार एकतर स्वतः कचेरीची पायरी चढतो किंवा जाहिरातसंस्थेमार्फत मजकूर पाठवतो. इंडियन न्यूजपेपर सोसायटीची मान्यता असलेल्या जाहिरातसंस्थेचे कमिशन १५ टक्के, आणि ते बिलावर लिहिलेले असते. दुसऱ्या दिवशी दुकानदार अंक उघडून आपली जाहिरात पाहतो. छपाई फिकी उतरली असेल तर भांडावयास येतो. त्या भांडणातही एक नाते असते. पैसा कोठून निघाला आणि कोठे पोहोचला, हे दोघांनाही ठाऊक असते.

इंटरनेटवरील जाहिरातींचा आरंभही असाच झाला. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची पट्टी झळकली, तेव्हा ठरावीक जागा, ठरावीक मुदत आणि ठरावीक मोबदला असाच सौदा होता. परंतु पाहता पाहता संकेतस्थळे लाखांवर गेली. एका जाहिरातदाराने इतक्या दारांवर जावे कसे, आणि एखाद्या छोट्या संकेतस्थळाच्या मालकाने मोठ्या कंपनीच्या कचेरीत प्रवेश मिळवावा कसा? या अडचणीतून मध्यस्थ जन्मास आला. अनेक संकेतस्थळांवरील रिकामी जागा एकत्र करावयाची, ती जाहिरातदारांना विकावयाची आणि मधले आपले कमिशन घ्यावयाचे, असा हा धंदा. त्याला जाहिरातींचे जाळे असे नाव पडले. १९९०च्या दशकाच्या मध्यास उभी राहिलेली डबलक्लिक ही कंपनी त्यात अग्रेसर होती.

मध्यस्थाची गरज खरी होती, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. २००३ साली गूगलने 'ॲडसेन्स' आणले, तेव्हा घरी बसून पाककृती किंवा व्याकरण लिहिणाऱ्या माणसालाही पानात चार ओळींची संगणकीय आज्ञा चिकटवून चार पैसे मिळू लागले. जाळ्याचे यंत्र पानावरील शब्द वाचते आणि विषयाला साजेशी जाहिरात लावते. मात्र यंत्राला भाषा कळली तरच हे द्वार उघडते. हिंदीला या द्वारातून प्रवेश मिळाला तो २०१४च्या अखेरीस. मराठीला त्यानंतरही काही वर्षे ताटकळावे लागले. कोट्यवधी लोक जी भाषा बोलतात आणि वाचतात, तिच्यातील लेखनाला बाजारात उभे राहू द्यावयाचे की नाही, हा निर्णय एका कंपनीच्या कचेरीत होत होता. मध्यस्थ जेव्हा दरवान होतो, तेव्हा त्याचे रूप कसे पालटते, याची चुणूक तेव्हाच मिळावयास हवी होती.

आजची रीत आणखी गुंतागुंतीची आहे. वाचक पान उघडतो, त्याबरोबर संकेतस्थळाच्या वतीने काम करणारे यंत्र 'एक जागा विकावयाची आहे' अशी वर्दी जाहिरातींच्या विनिमय-केंद्राकडे पाठवते. त्या वर्दीत पान कोणते, मोबाइल कोणत्या बनावटीचा, वाचक साधारण कोणत्या गावातला आणि त्याच्या यंत्रावर ठेवलेली ओळखखूण कोणती, अशी माहिती असते. या ओळखखुणेला कुकी म्हणतात. जाहिरातदारांचे प्रतिनिधी असलेली यंत्रे ती खूण पाहून, हा वाचक काल मिक्सर शोधत होता की गृहकर्ज, हे आपल्या दप्तरातून काढतात आणि बोली लावतात. सर्वांत मोठ्या बोलीची जाहिरात पानावर येते. हे सारे सुमारे एक दशांश सेकंदात, म्हणजे पापणी लवण्यापूर्वी उरकते. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, येथे पावणीला निघते ती वृत्तपत्राच्या पानावरील जागा एवढीच नव्हे, तर वाचकाचे लक्ष. आणि ज्याच्या लक्षाची बोली लागते, त्याला या व्यवहारात बोलावणे नसते.

येथवर यंत्राची कथा झाली. व्यथा पुढे आहे. २००७ साली गूगलने डबलक्लिक ३१० कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले आणि २००८ साली तो व्यवहार पुरा झाला. त्यानंतर प्रकाशकांची जागा सांभाळणारे यंत्र, जाहिरातदारांच्या वतीने बोली लावणारी साधने आणि दोघांच्या मधले विनिमय-केंद्र, ही सारी एकाच छपराखाली आली. देवस्थानचा मुखत्यारही तोच, बोली लावणाऱ्याचा वकीलही तोच आणि पुकारा करणाराही तोच, अशी पावणी आपल्या गावात कोणी मांडली असती, तर महाजनांनी ती चालू दिली असती काय? एखाद्या बड्या बँकेच्याच मालकीचा शेअरबाजार असावा तसे हे आहे, असे त्या कंपनीतील एका अधिकाऱ्यानेच अंतर्गत पत्रव्यवहारात लिहिले होते. ते पत्र पुढे न्यायालयापुढे आले.

अमेरिकेच्या न्याय खात्याने जानेवारी २०२३ मध्ये या प्रश्नावर गूगलला न्यायालयात खेचले. १७ एप्रिल २०२५ रोजी व्हर्जिनियातील संघीय न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी निकाल दिला की, प्रकाशकांकडील जाहिरात-यंत्रणा आणि विनिमय-केंद्र या दोन बाजारांत कंपनीने बेकायदा मक्तेदारी राखली आणि एक घ्यावयाचे तर दुसरेही घ्यावयास लावले. जाहिरातदारांच्या बाजूच्या जाळ्यांविषयीचा आरोप मात्र त्यांनी मान्य केला नाही. आपली साधने साधी, परवडणारी आणि परिणामकारक असल्यामुळेच प्रकाशक ती निवडतात, असे कंपनीचे म्हणणे आहे. निकालाची ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेही याच व्यवसायातील वर्तनाबद्दल कंपनीला २९५ कोटी युरोंचा दंड ठोठावला, तेव्हा ही केवळ एका देशाची किंवा एका न्यायाधीशाची तक्रार नव्हे, हे स्पष्ट झाले.

पैसा जातो कोठे? ब्रिटनमधील जाहिरातदारांच्या 'इस्बा' या संघटनेने पीडब्ल्यूसी या हिशेबतज्ज्ञ संस्थेकडून तपास करवून घेतला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार, जाहिरातदाराने दिलेल्या शंभरांतील सरासरी ५१च प्रकाशकापर्यंत पोहोचले. उरलेल्यातील बहुतेक रक्कम मधल्या हातांच्या शुल्कात गेली, आणि १५ टक्के कोठे गेले याचा हिशेबच कोणाला लागला नाही. आपल्याकडे जाहिरातसंस्थेचे १५ टक्के बिलावर लिहिलेले असतात. येथे १५ टक्के निव्वळ अदृश्य झाले! याच संघटनेने २०२३ साली दुसरा अहवाल काढला. तेव्हा प्रकाशकाचा वाटा ६५ टक्क्यांवर आला होता आणि बेहिशेबी रक्कम ३ टक्क्यांवर उतरली होती. आम्हांस यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. नवा कायदा झाला नव्हता, कोणी तुरुंगात गेले नव्हते. कोणीतरी वही उघडून हिशेब मागत आहे, एवढ्याने गळती थांबू लागली.

अंधारात होणाऱ्या व्यवहाराचा दुसरा परिणाम पैशापेक्षा गंभीर आहे. यंत्र सचोटी मोजत नाही, नजरा मोजते. २०१६ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅसिडोनियातील वेलेस या लहानशा गावातील तरुणांनी शंभरांहून अधिक संकेतस्थळे थाटून अमेरिकी राजकारणाच्या खोट्यानाट्या बातम्या पसरवल्या. राजकारणाशी त्यांना फारसे कर्तव्य नव्हते. जाहिरातींच्या जाळ्यांतून डॉलर मिळत होते. वार्ताहर पाठवून, शहानिशा करून छापलेली बातमी आणि घरबसल्या रचलेली थाप यांना त्या बाजारात एकाच तागडीत तोलले गेले, आणि थाप स्वस्तात तयार होत असल्यामुळे नफा तिच्यातच अधिक होता.

याहूनही पुढची पायरी म्हणजे वाचकच खोटा. २०१४ ते २०१६ या काळात अलेक्सांद्र झुकोव्ह या रशियन इसमाच्या टोळीने दोन हजारांवर संगणक भाड्याने घेऊन, जणू माणसेच पाने वाचत आहेत असा देखावा उभा केला. हजारो नामांकित संकेतस्थळांची नावे वापरून जाहिरातदारांकडून ७० लाखांहून अधिक डॉलर उकळले. २०२१ साली अमेरिकेतील न्यायालयाने त्याला १० वर्षांची शिक्षा दिली. जाहिरात दिसली नाही, वाचक नव्हता, वृत्तपत्राला दमडी मिळाली नाही, आणि तरीही पैसा मात्र खर्च झाला. दुकानदार अंक उघडून आपली जाहिरात पाहतो तेथे ही लबाडी फार काळ टिकली नसती.

भारतातही हा प्रश्न अनुत्तरित आहे. डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. जाहिरातींच्या उत्पन्नाचा हिशेब प्रकाशकांना पुरता कळत नाही, हा त्या तक्रारीतील एक मुद्दा होता. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरात-उत्पन्नावर केंद्र सरकारने २०१६ साली ६ टक्के समानीकरण कर बसवला होता; १ एप्रिल २०२५ पासून तो रद्द झाला. कर असताना सरकारी तिजोरीत भर पडली असेल. परंतु वृत्तपत्राला आपल्याच पानाची बोली किती लागली, हे त्याने कळले नाही आणि तो गेल्यानेही कळणार नाही. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांचा माग काढून त्यांच्यावर जाहिराती रोखण्यास मनाई केली, हे स्वागतार्ह आहे. पण प्रौढ वाचकाच्या लक्षाचा बाजारही उजेडात भरला पाहिजे.

आमची मागणी मध्यस्थ नाहीसा करा अशी नाही. अडत्यावाचून बाजार भरत नाही, हे आम्ही जाणतो. मागणी तीन गोष्टींची आहे. पुकारा करणाऱ्याने बोली लावणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा वकील होऊ नये. प्रत्येक हाताने घेतलेला सोपो बिलावर लिहिलेला असावा. आणि कोणाचा पैसा कोणत्या पानावर खर्च झाला, हे जाहिरातदार आणि प्रकाशक या दोघांनाही पाहता यावे. स्पर्धा आयोगाने एवढे साध्य केले, तरी पुष्कळ झाले म्हणावयाचे.

हे सांगताना वृत्तपत्रांनी आपल्या पदराखालील निखाराही पाहिला पाहिजे. चार ओळींची आज्ञा पानात चिकटवली की जाहिरात-विभागाचे काम संपले, असे मानून आम्ही मंडळीच निर्धास्त झालो. गावचा दुकानदार, पतसंस्था, शाळा, नाट्यसंस्था यांच्या दारी जाण्याचा कंटाळा केला. आज म्हापशाचा व्यापारी म्हापशाच्याच गिऱ्हाइकाला गाठण्यासाठी परदेशी जाळ्याकडे पैसे भरतो. ते पैसे दहा हातांतून फिरून, रोडावून, कधी गावच्या वृत्तपत्रापर्यंत येतात आणि कधी येतच नाहीत. त्याचे दुकान आमच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. ती हाक आम्ही पुन्हा घालावयास हवी, आणि तो हिशेब विचारील तेव्हा वही उघडून त्याच्यासमोर ठेवावयास हवी.