एवढं कसं कळलं नाही?

ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानातल्या एका मोठ्या वस्त्रोद्योग समूहाचे ८२ वर्षांचे अध्यक्ष स्वतःच्या घरात दोन दिवस कैदी होते. दाराला कुलूप नव्हतं, बाहेर पहारा नव्हता. समोर स्काइप सुरू होतं आणि त्यावरच्या ‘सीबीआय अधिकाऱ्याने’ बजावलं होतं की झोपतानासुद्धा कॅमेरा बंद करायचा नाही. मग ऑनलाइन ‘सर्वोच्च न्यायालय’ भरलं. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नावाने कुणीतरी बोलू लागलं. चेहरा दिसला नाही, पण हातोडा आपटल्याचा आवाज आला. शिक्का मारलेला आदेश व्हॉट्सअॅपवर येऊन पडला. त्यांनी ७ कोटी रुपये भरले. पुढे एका सहकाऱ्याला सांगितल्यावर उलगडा झाला, तक्रार झाली आणि सव्वापाच कोटी परत मिळाले.

आपल्या न्यायालयांत न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. तो हातोडा सिनेमातला. शिवाय ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात कुठेही नाही.

हे वाचताना तुमच्याही मनात आलं असेल, एवढा अनुभवी माणूस, एवढं कसं कळलं नाही? फसलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न ऐकावा लागतो, बहुधा घरातच आणि बहुधा पहिल्याच तासात. पण तो आपल्याला सुचतो कसा, हे उलगडून पाहिलं तर थक्क व्हायला होतं.

१९७५ साली बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जेरुसलेममधल्या विद्यार्थ्यांना त्याने १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची माहिती वाचायला दिली. बहुतेकांना या युद्धाचा गंध नव्हता. शेवट चार प्रकारे होऊ शकला असता: इंग्रज जिंकले, गुरखे जिंकले, तह होऊन कोंडी फुटली, किंवा तहाविनाच कोंडी राहिली. एका गटाला निकाल सांगितला नाही. बाकीच्या गटांना वेगवेगळा निकाल ‘खरा’ म्हणून सांगितला. मग निकाल सांगितलेल्यांना विचारलं, निकाल ठाऊक नसता तर तुम्ही कोणत्या शक्यतेला किती महत्त्व दिलं असतं? ज्याला जो निकाल सांगितला होता, त्याला तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. गुरखे जिंकले असं ऐकलेल्यांना त्याच मजकुरात गुरख्यांच्या विजयाच्या खुणा दिसल्या, इंग्रज जिंकले असं ऐकलेल्यांना इंग्रजांच्या. मजकूर मात्र शब्दशः एकच होता.

निकाल कळला की न कळण्याची जुनी अवस्था मनाला पुन्हा गाठता येत नाही. आणखी नवल म्हणजे, अशी चूक होते हे आधी समजावून सांगितलं तरी ती फारशी कमी होत नाही, असंही फिशहॉफला पुढे आढळलं. वर मी ‘हातोडा सिनेमातला’ असं लिहिलं तेव्हा तुम्हाला शेवट माहीत होता. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाला तो माहीत नव्हता. त्याच्याभोवती भीती होती, घाई होती आणि ‘कुणाला सांगाल तर अटक होईल’ ही धमकी होती.

मनाची हीच खोड फसलेल्या माणसात आत वळते. रात्री दोन वाजता तो मनातल्या मनात तोच फोन पुन्हा ऐकतो, आणि आता प्रत्येक वाक्यात खोटेपणा लख्ख दिसतो. ‘मला दिसत होतं, तरी मी केलं’ अशी त्याची खात्रीच पटते. जे दिसतच नव्हतं त्याचा अपराध तो स्वतःच्या माथी मारतो. माझ्या मते फसवणुकीतलं सर्वांत मोठं नुकसान हे आहे. पैसे एकदाच जातात, स्वतःच्या निर्णयावरचा विश्वास रोज थोडा थोडा जात राहतो. मग अनोळखी नंबर दिसला की छातीत धडधडतं, साधं वीजबिल भरायलाही मुलाला विचारावं लागतं.

पैसे दरोड्यात गेले काय आणि फसवणुकीत गेले काय, रक्कम तीच. तरी मन त्यांचा हिशेब वेगवेगळा करतं. हार्वर्डच्या आयरिस बोनेट आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी २००४ मध्ये एका प्रयोगातून दाखवलं की नुकसान नशिबाने होणार असेल तर माणूस जितका धोका पत्करतो, तितका दुसऱ्या माणसाच्या हातून होणार असेल तर पत्करत नाही. नंतर ब्राझील, चीन, ओमान, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान आणि अमेरिका अशा सहा देशांतही हेच आढळलं. दगा खाण्याचं दुःख पैशाहून निराळं असतं, हे आपण आधीच जाणून असतो आणि ते टाळण्यासाठी किंमत मोजायलाही तयार असतो.

ही जखम भामट्यांना शास्त्रज्ञांच्याही आधी ठाऊक होती. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५२ च्या एका निबंधात अमेरिकेतल्या ठकांची एक रीत नोंदवली आहे. सावज लुटून झाल्यावर टोळीतला एक जण मुद्दाम मागे थांबायचा. त्याचं काम एकच, फसलेल्याची समजूत घालायची. त्याला सांभाळायचं, नशिबाला दोष द्यायला शिकवायचं, म्हणजे तो पोलिसांकडे जाणार नाही. माणसाला पैशापेक्षाही ‘मी शहाणा आहे’ ही स्वतःची प्रतिमा जपायची असते, हे त्या टोळ्यांनी नेमकं ओळखलं होतं.

आजच्या कॉल सेंटरमधल्या टोळीला असा माणूस मागे ठेवावा लागत नाही. ते काम लाजच करते, आणि त्या लाजेला खतपाणी आपल्या घरातला प्रश्न घालतो. सायबर फसवणुकीसाठी १९३० ही सरकारी हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार लवकर पोचली तर बँका पुढच्या खात्यांतली रक्कम गोठवू शकतात, पण पैसे एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात फार वेगाने पळतात. ‘आता घरी कोणत्या तोंडाने सांगू’ या विचारात माणूस जो वेळ काढतो, तो सगळा त्या टोळीच्या पदरात पडतो.