मगरिबच्या वेळी घोडेगाव

माझ्या सासूबाईंना, अम्मींना, रोज मगरिबच्या सुमारास घोडेगावला माहेरी जायचे असते. ते घर पडून पंचवीस वर्षे झाली. पिशवीत दुपट्टा आणि तस्बीह घालून त्या दाराशी येतात. आम्ही जुन्नरच्या कडेला राहतो. रस्त्यापलीकडे ऊस, उसात बिबट्या. म्हणून दाराला कडी आणि कडीवर माझी नजर.

आधी आम्ही समजावत असू, ‘अम्मी, तिथे आता कोणी नाही.’ त्या रडत, जणू मौतीची खबर आजच आली. आता मी म्हणते, ‘चहा घेऊ, मग निघू.’ चहा होईस्तोवर घोडेगाव मागे पडते. असर कधी तीनदा पढतात. ज्याचे भान हरपले त्याच्यावर नमाज फर्ज राहत नाही, हे ठाऊक असूनही घरोघरी म्हाताऱ्यांना रकातींवरून टोकतात!

हा स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना तो आहे. मोहल्ल्यात मात्र ‘वयच झालं’ म्हणतात, नाहीतर ताबीज आणतात. थायरॉईड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि तो औषधाने सुधारू शकतो, म्हणून तपासणी लवकर करावी. सुरुवात मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात करता येते. मानसोपचार तज्ज्ञांसाठी पुण्यात औंधचे जिल्हा रुग्णालय आणि ससून आहे. सांभाळणाऱ्याचाच धीर सुटला तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, ज्येष्ठांसाठीचा १४५६७.

पण रात्री तीनला उठणाऱ्या बाईला सगळ्यात आधी झोप हवी असते. भेटायला येणारे ‘जन्नत कमावतेस’ म्हणतात, चहा पिऊन जातात. आईबापांना ‘उफ्’ही म्हणू नका, हे सांगितले आहे ते मुलांना. सुनेने केले तर तो तिचा एहसान, असे आलिमही सांगतात. आमच्याकडे पहिले वर्षभर मुलगा औषधे आणून देई, तेवढेच. एके दिवशी सातवीच्या वर्गात, फळ्याकडे पाठ करून, मला उभ्यानेच डुलकी लागली. त्या रात्री मी स्पष्ट बोलले. आता इशानंतर अम्मी ह्यांच्याकडे. दर रविवारी नणंद मंचरहून येते, दहा ते चार. पहिल्या रविवारी ते सहाही तास मी झोपले.

गेल्या रविवारी अम्मींनी तिला विचारले म्हणे, ‘ती चहावाली मास्तरीण आज का नाही आली?’ माझे नाव त्यांना आता आठवत नाही.