व्हायोलिन हनुवटीखाली धरायचं की पायावर टेकवायचं? चिन रेस्ट, शोल्डर रेस्ट आणि मानेच्या दुखण्याची गोष्ट

मुंबई-ठाण्यात ऑनलाइन मागवलेलं पार्सल ट्रॅक करून बघा. बरेचदा मध्ये एक नाव येतंच, भिवंडी. देशातल्या मोठ्या गोदाम-पट्ट्यांपैकी एक इथे आहे, त्यामुळे तेलाच्या डब्यापासून गिटारच्या तारांपर्यंत काहीही इथून निघू शकतं. व्हायोलिनचा शोल्डर रेस्टसुद्धा.

पण होतं काय, की मुलाला व्हायोलिन शिकवायचं ठरतं, आई-बाबा यूट्यूब बघून शोल्डर रेस्ट मागवतात आणि पहिल्याच दिवशी क्लासमध्ये कळतं की इथे तो लागतच नाही. किंवा याच्या बरोबर उलट. मुलगा पाश्चात्त्य पद्धतीने शिकतोय, कुणी काही सांगितलेलं नाही आणि दोन महिन्यांत मान धरते.

दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच आहे. व्हायोलिन नेमकं धरतं कोण?

आधी या दोन वस्तू काय आहेत ते बघू. चिन रेस्ट म्हणजे व्हायोलिनच्या वरच्या बाजूला, जिथे तारा बांधलेल्या असतात त्या टेलपीसच्या डावीकडे किंवा बरोबर मध्ये बसवलेला वाटीसारखा खोलगट तुकडा. तो लाकडाचा किंवा प्लास्टिकचा असतो आणि धातूच्या क्लॅम्पने कडेला आवळलेला असतो. नव्या व्हायोलिनवर तो बहुतेक वेळा बसवूनच येतो. शोल्डर रेस्ट मात्र वेगळा घ्यावा लागतो. ही व्हायोलिनच्या पाठीला अडकवायची वक्र पट्टी. तिच्या दोन्ही टोकांना रबर लावलेले पाय असतात, वाजवून झालं की काढून पेटीत ठेवायची.

व्हायोलिनचं वजन अर्धा किलोही नसतं. मग एवढ्या सरंजामाची गरज काय?

गरज वजनामुळे नाही, पोकळीमुळे आहे. ताठ उभं राहून समोर बघा. जबडा आणि कॉलरबोन यांच्यामध्ये जी जागा दिसते, ती व्हायोलिनच्या जाडीपेक्षा बरीच जास्त असते. ही जागा भरली नाही, तर शरीर ती आपल्या परीने भरतं. डावा खांदा वर उचलला जातो, मान डावीकडे वाकते आणि हनुवटी खाली दाबली जाते. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते वाकडं ठेवून रोज दोन-तीन तास रियाज केला, तर मान, खांदा आणि जबडा तक्रार करणारच.

चिन रेस्ट हा तसा अलीकडचा शोध. जर्मन वादक लुई श्पोर यांनी १८२०च्या सुमारास तो काढला, असं मानलं जातं. त्यांचा चिन रेस्ट टेलपीसच्या वर, मधोमध होता. त्याआधीची पिढ्यान्‌पिढ्यांची मंडळी याच्याशिवायच वाजवत होती. पण संगीत अवघड होत गेलं, डाव्या हाताला व्हायोलिनच्या मानेवर वरखाली झपाट्याने धावावं लागू लागलं. धावणाऱ्या हाताने वाद्यही सांभाळायचं, हे जमेना. म्हणून ते काम हनुवटीकडे गेलं. आज दुकानात मिळतात तसे शोल्डर रेस्ट तर थेट विसाव्या शतकातले.

आता आपल्याकडे या. व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजवण्याचं श्रेय बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५९) यांना दिलं जातं. आपल्या वादकांनी वाद्य घेतलं, पण बैठक आपलीच ठेवली. मांडी घालून बसायचं, उजवा पाय थोडा पुढे, व्हायोलिनचं पीळदार टोक त्या पायाच्या घोट्यापाशी टेकवायचं आणि दुसरं टोक छाती-खांद्याला. झालं. वाद्य दोन्हीकडून अडकलं, हनुवटीचा प्रश्नच मिटला.

याचा खरा फायदा मींडेला होतो. मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. डावा हात वाद्याच्या भारातून पूर्ण मोकळा असेल तरच बोट तारेवर असं लांब घसरू शकतं. वाईत १९२२ साली जन्मलेले पं. वि. गो. जोग असोत की गायकी अंगासाठी ओळखले जाणारे पं. डी. के. दातार, त्यांची व्हायोलिनवादनाची परंपरा याच बैठकीची. एर्गोनॉमिक्स हा शब्द तेव्हा कुणी वापरला नसेल, पण हे तेच होतं.

महाराष्ट्रात दुसरी पद्धतही तितकीच जुनी आहे हे विसरायला नको. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये खुर्चीत बसून वाजवणारे गोव्याचे वादक किंवा २००६ साली मुंबईत एनसीपीएमध्ये सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, इथे हनुवटी आणि खांदा लागतोच.

भारतीय बैठकीत दुखत नाही असंही नाही. पाठीला पोक येतो, गुडघे आखडतात, घोट्याला रग लागते. फक्त त्यावर शोल्डर रेस्ट हा इलाज नाही. बुडाखाली थोडी उंच गादी आणि मधून मधून उठणं, याचा उपयोग जास्त होतो.

पाश्चात्त्य पद्धतीने शिकणाऱ्यांची एक चूक मात्र सर्रास दिसते. मान लांब असली की लोक शोल्डर रेस्टच उंच करत जातात. त्याने अख्खं व्हायोलिन वर जातं आणि उजव्या हाताला गज आणखी उंचावर चालवावा लागतो. म्हणजे डावा खांदा वाचवायला जाऊन उजवा दुखायला लागतो. अशा वेळी चिन रेस्ट उंच घेतलेला बरा. वाद्य खालीच राहतं, पोकळी वरून भरते. दुकानदार हे सहसा सांगत नाहीत, कारण बदलायला सोपा शोल्डर रेस्टच असतो.

त्वचेचंही एक लफडं आहे. रोज वाजवणाऱ्यांच्या जबड्याखाली डावीकडे लालसर-तपकिरी डाग पडतो, त्याला 'फिडलर्स नेक' म्हणतात. घर्षण आणि घाम ही मुख्य कारणं, कधी क्लॅम्पमधल्या निकेलची ॲलर्जी. चिन रेस्टवर स्वच्छ सुती कापड टाकलं तरी बराच फरक पडतो, आणि पॉवरलूमच्या भिवंडीत त्याची काही कमी नाही.

मुलांसाठी मागवताना माप बघा. व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत येतं आणि पूर्ण मापाचा शोल्डर रेस्ट अर्ध्या व्हायोलिनवर बसत नाही. तोवर घडी घातलेला नॅपकिन किंवा स्पंजचा तुकडा रबर बँडने बांधून बघायला हरकत नाही. किती उंची लागते याचा अंदाज त्यातूनच येतो. आणि मुंग्या येत असतील किंवा हात बधिर होत असेल, तर पार्सलची वाट न बघता आधी डॉक्टरांना दाखवा.