हळदीची रात्र आणि एका क्वार्टरचा हिशेब

मागच्या वेळी आपण अंतर्गत कर्जाच्या व्याजाचा हिशेब समजून घेतला होता. आजही हिशेबच मांडायचा आहे, पण तो वहीतला नाही, बाटलीतला आहे. आणि नवऱ्यांच्या दारूवर आज बोलायचं नाही, त्यावर आपण पुष्कळ बोललो. आज बोलू या अठरा ते पंचविशीतल्या आपल्या पोरांबद्दल.

गेल्या लगीनसराईत आमच्या गावात एक हळद होती. डीजे बंद झाल्यावर रात्री दोनच्या सुमाराला गटातल्या दोघी मंडपातली भांडी आवरत होत्या. कोपऱ्यातल्या गादीवर एक पोरगा उताणा पडला होता. वय एकोणीस. मित्रांनी त्याला तिथं आणून टाकलं होतं, ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणून. त्याच्या घशातून घरघर येत होती आणि तोंडाला उलटी लागली होती. दोघींनी त्याला हलवलं तरी त्याचे डोळे उघडेनात. त्यांनी त्याला कुशीवर वळवलं आणि १०८ नंबर लावला. पोरगा वाचला. उलटी श्वासात गेली असती तर सकाळ उजाडली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

त्याची आई आमच्याच गटातली. दवाखान्याच्या पायरीवर बसून ती एकच सांगत होती, “ताई, माझा पोरगा पीत नाही हो. कधीतरी लग्नकार्यात, तेवढंच.”

ती खोटं बोलत नव्हती. म्हणूनच आज हा विषय घेतला.

आपल्या डोक्यात दारू पिणारा म्हणजे रोज पिणारा, हात थरथरणारा, घरातली भांडी विकणारा. आपला पोरगा तसा नसतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण महिन्यातून एकदाच, गटारीला, थर्टी फर्स्टला, हळदीला किंवा निवडणुकीच्या पार्टीला एका बैठकीत भरपूर पिणं हा वेगळा धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याचं मापही ठरवलं आहे. एका वेळी ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त शुद्ध अल्कोहोल पोटात जाणं म्हणजे धोक्याचं अतिमद्यपान.

आता ६० ग्रॅम म्हणजे किती? व्हिस्की किंवा रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये या टक्केवारीनं सुमारे ७७ मिलिलिटर अल्कोहोल असतं, आणि त्याचं वजन भरतं ६० ग्रॅम. म्हणजे पोरं ज्याला ‘एकच क्वार्टर घेतली’ म्हणतात, तीच धोक्याची रेषा आहे. बिअर म्हणजे काही दारू नाही, असंही पोरं सांगतात. पण ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. दीड बाटलीत हिशेब तोच.

आपलं यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच अल्कोहोल बाहेर काढू शकतं. त्याला घाई करता येत नाही. लिंबू पाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, यातल्या कशानंही तो वेग वाढत नाही. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर उतरायला सहा ते आठ तास लागतात. म्हणजे पहाटे पाचला वऱ्हाडाची गाडी काढणारा ड्रायव्हर ‘झोप झाली, आता ठीक आहे’ म्हणतो, तेव्हा दारू अजून त्याच्या रक्तात असू शकते. मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. ती ओलांडून गाडी चालवली तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

पोरांना जास्त धोका का? आपल्या मेंदूचा पुढचा भाग, जो ‘थांब, विचार कर’ म्हणतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. दारू आधी त्यालाच झोपवते. त्यात रिकामं पोट, मित्रांची पैज आणि बाहेर उभी मोटारसायकल. कायद्यानंही याचा विचार केला आहे. महाराष्ट्रात २५ वर्षांखालच्या मुलाला व्हिस्की-रमसारखी दारू विकता येत नाही. पण हळदीच्या मंडपात वय कोण विचारतं?

मग यावर उपाय काय? नुसतं पोराला रागावून हे थांबत नाही, हा जगभरचा अनुभव आहे.

आइसलँड नावाचा एक छोटा थंड देश आहे. तिथं १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात एकदा तरी दारूनं झिंगलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी केलं काय? शाळाशाळांतून दरवर्षी मुलांना प्रश्नावली दिली आणि निकाल त्या त्या भागातल्या पालकांपुढे मांडला. पालकांनी एकत्र येऊन करार केले, की आपल्या घरी लहानांची दारूपार्टी होऊ द्यायची नाही आणि रात्री मुलं कुठे आहेत हे माहीत ठेवायचं. मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं याचा कायदा केला. आणि खेळ, संगीत, नाच यांच्या वर्गांसाठी सरकारी पैसा दिला. नुसतं ‘पिऊ नका’ सांगितलं नाही, संध्याकाळी जायला दुसरी जागा दिली.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्याचं. तिथं ‘संगत’ या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी बोलायचं. ही माणसं डॉक्टर नव्हती, मानसोपचारतज्ज्ञही नव्हती. जास्तीत जास्त चार भेटी. २०१७ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी २६ टक्के लोक धोक्याच्या रेषेखाली आले होते, तर अशा गप्पा झालेल्यांपैकी ३६ टक्के. दर शंभरात दहा जास्त. म्हणजे पोरगा व्यसनी होऊन व्यसनमुक्ती केंद्रात जाईपर्यंत वाट बघायची गरज नाही. वेळेवर, न ओरडता, नीट बोललं तर फरक पडतो.

तिसरं उदाहरण गडचिरोलीचं. लोकांच्या आणि बायांच्या आंदोलनामुळे १९९३ पासून तिथं दारूबंदी आहे. पण नुसत्या बंदीनं काम संपत नाही हे त्यांना दिसलं. म्हणून २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ कार्यक्रमात जनजागृती, गावातली कृती, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार या चारही गोष्टी एकत्र सुरू झाल्या. दुकान बंद करण्याचा एक रस्ता आपल्यालाही आहे. २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर मतदान घेता येतं, आणि आवश्यक तेवढी मतं ‘आडव्या बाटली’ला पडली तर परवानाधारक दुकान बंद होतं.

हे सगळं आम्ही आमच्या बैठकीत वाचून दाखवलं, तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं वही पुढे ओढली. त्या हळदीच्या घरानं आमच्या गटातून वीस हजार कर्ज घेतलं होतं. कारण लिहिलं होतं ‘मंडप व किराणा’. त्यातलेच काही हजार पोरांच्या पार्टीला गेले, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी आम्ही सह्या केल्या होत्या. लग्नघराला नाही कसं म्हणायचं? दशसूत्रीत आरोग्य हे सूत्र आम्ही दर बैठकीला म्हणतो, आणि पोरांच्या दारूचे पैसे आमच्याच बचतीतून गेले.

त्या दिवशी आम्ही चार ठराव केले. लग्नाच्या कर्जाचा खर्च तपशीलवार लिहायचा, पार्टीला पैसे नाहीत. ज्या घरात हळद, तिथल्या आईबापांशी गटातल्या दोघींनी आधी जाऊन बोलायचं. हळदीच्या रात्री जेवण आठला वाढायचं, अकराला नाही. आणि गावातलं वाचनालय व कबड्डीचं मैदान संध्याकाळी उजेडात राहावं, म्हणून ग्रामसभेत दिव्यांची मागणी करायची.

त्यानंतर तीन हळदी झाल्या. दोन घरांनी ऐकलं. तिसऱ्या घरानं आम्हाला चहा दिला आणि पार्टी केलीच. पण त्या रात्री मंडपात पडलेल्या पोराला त्याच्या मित्रांनीच कुशीवर वळवलं आणि एक जण जागा बसला. एवढं तरी पोहोचलं.

मैत्रिणींनो, हे लिहून भिंतीवर लावा. प्यायलेला माणूस हलवून उठत नसेल, श्वास फार सावकाश किंवा थांबून थांबून येत असेल, ओठ निळसर झाले असतील, अंग गार पडलं असेल, तर तो झोपलेला नाही, त्याच्या जिवाला धोका आहे. त्याला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, उलटी करायला लावू नका, एकटं सोडू नका. १०८ लावा. पोलीस येतील, बदनामी होईल म्हणून थांबू नका.

पोराशी बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीवर असताना, चारचौघांत नव्हे. ‘कुणाबरोबर प्यालास?’ याच्याआधी ‘घरी कसा आलास?’ हे विचारा. त्याला आपल्यापेक्षा बाहेरच्या माणसाशी बोलणं सोपं जात असेल, तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातलं किशोरवयीन मुलामुलींचं मैत्री क्लिनिक आहे. व्यसनाबद्दल सल्ल्याला १४४४६ आणि मनाच्या त्रासाला टेलिमानस १४४१६, हे दोन्ही नंबर मोफत आहेत.

तो एकोणीस वर्षांचा पोरगा आता आयटीआयला जातो. परवा त्याची आई हप्ता भरायला आली आणि म्हणाली, “माझा पोरगा पीत नाही, असं आता मी म्हणत नाही. मी त्याला विचारते.”

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तुम्हीही हा विषय घ्या. लगीनसराई पुन्हा येते आहे.