‘मोमेंट’ म्हणजे क्षणच का?

‘मोमेंट ऑफ फोर्स’ हे शब्द फळ्यावर आले, की वर्गातून हमखास प्रश्न येतो, “सर, मोमेंट म्हणजे क्षण ना? मग बलाचा क्षण कसा?” प्रश्न रास्त आहे.

मूळ शब्द लॅटिन, ‘मोमेंतुम’. हलविणे या अर्थाच्या ‘मोवेरे’ या धातूपासून तो झाला. तराजूची पारडी समतोल असता जो इवलासा कण टाकताच दांडी कलते, त्यालाही मोमेंतुम म्हणत. येथून दोन वाटा फुटल्या. कण लहान, म्हणून काळाचा लहान भाग तो मोमेंट. इंग्लंडमधील बीड या मठवासी विद्वानाने सन 725 मधील कालगणनेच्या ग्रंथात तासाचे 40 मोमेंट सांगितले आहेत. म्हणजे आजच्या हिशेबाने एक मोमेंट 90 सेकंदांचा! क्षण म्हणावा तर बराच लांब.

पण कण लहान असला तरी दांडी फिरवितो. म्हणून दुसरा अर्थ प्रभाव, महत्त्व. भौतिकीने उचलला तो हा. वजनाचा परिणाम टेकूपासूनच्या अंतरावरही अवलंबून असतो, हे सांगताना गॅलिलिओने ‘मोमेंतो’ हाच इटालियन शब्द वापरला.

करून पाहा. मीटरपट्टी मध्यावर टांगा. मध्यापासून 10 सेंमी.वर 200 ग्रॅम वजन अडकवा. दुसऱ्या बाजूस 40 सेंमी.वर 50 ग्रॅमच पुरतात. बलाचा हा फिरविण्याचा प्रभाव म्हणजेच मोमेंट, मराठीत परिबल. काळाचा येथे काहीच संबंध नाही.

‘मोमेंटम’ हे तर लॅटिन रूपच. पण त्याचा अर्थ संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. परिबल म्हणजे बल गुणिले लंब अंतर. उत्तरपत्रिकेत या दोन भावंडांची गल्लत फार होते.