अक्षरांची जोडी साम्यावर जुळत नाही

भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीच्या एखाद्या बचत गटाने तांदळाचे पापड बाजारात आणायचं ठरवलं, तर पाकिटावर नाव मराठीत आणि इंग्रजीतही लागेल. अशा वेळी इंग्रजीचा फाँट आधी हौसेने निवडला जातो आणि मग देवनागरीला त्याच्यासारखं दिसायला लावलं जातं, कारण ‘सारखं दिसलं की ब्रँड एक वाटतो’ हा समज पक्का असतो. माझ्या मते अक्षरजोडी बिघडते ती इथेच. शेजारी ठेवल्यावर दोन्ही लिप्यांचा ठळकपणा डोळ्याला सारखा वाटला आणि प्रत्येक लिपी तिच्या वळणाने वाचता आली, की जोडी जुळली.

याचं कारण लिपीच्या घडणीत आहे. देवनागरी बोरूने घडली आणि बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट तिरका असतो, त्यामुळे रेघेची जाडी उलट दिशेने पडते. रोमनची जाडी देवनागरीवर लादली की ‘क’ आणि ‘ळ’ परके दिसू लागतात. आकाराचंही तसंच. दोन्हींना 24 पॉइंट दिले म्हणजे आकार समान झाला, असं मानतात. पण पॉइंट हे अक्षराचं नव्हे, ते बसतं त्या चौकटीचं माप. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार सामावायचे असतात, म्हणून मूळ अक्षर बऱ्याच फाँटांत रोमन मोठ्या अक्षरापेक्षा लहान पडतं. 2022च्या कायदादुरुस्तीनुसार राज्यातल्या दुकानांच्या पाट्यांवर देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. तेव्हा पाटीसाठी छापील आकार पट्टीनेच मोजावा. पाकिटावर मात्र शिरोरेषा रोमन छोट्या आणि मोठ्या अक्षरांच्या उंचीच्या दरम्यान आली, तर ओळ सहसा एकसंध दिसते.

यावर कोणी म्हणेल, दोन्ही लिप्या असलेला एकच फाँट घ्या, प्रश्न मिटला. सल्ला बराचसा योग्य आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता किंवा इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स यांत दोन्ही लिप्या आहेत आणि ते मोफत मिळतात. नाव आणि तपशील यांना दोन वेगळे फाँट हवेतच, हाही गैरसमज. मुक्ताच्या सात जाड्या आहेत, नाव ठळक आणि तपशील साध्या जाडीत ठेवला की पुरतं. पण ‘ल’ आणि ‘श’ मात्र तपासावेत. शासनाने 2009मध्ये मराठीसाठी यांची वळणं ठरवून दिली, तरी अनेक फाँटांत हिंदी वळणच आधी येतं. टिरो या टाइप फाउंड्रीने म्हणूनच देवनागरीच्या मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा वेगळ्या आवृत्त्या काढल्या. राहिला ब्रँडच्या ओळखीचा मुद्दा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं रेखाटली आणि त्या नाटकांची ओळख देवनागरीच्याच वळणांतून उभी राहिली. इंग्रजी साच्याची गरज पडली नाही. पापडाच्या पाकिटावरचा सर्वांत बारीक मजकूर, म्हणजे घटक, वजन आणि तारीख, आधी छापून पाहावा. तिथे उकार भरून गेले, तर नावाला कितीही शोभणारा असला, तरी फाँट बदलावा.