श्वानांतील मणक्याच्या चकतीचा विकार : प्रतिक्षिप्त क्रिया आणि वेदना

कण्यातील लगतच्या दोन मणक्यांमध्ये सामान्यतः एक चकती असते. तिचे बाह्य वलय तंतुमय व अंतर्भागातील गाभा मऊ, जलयुक्त असतो. डॅशहाउंड, पेकिनीज, फ्रेंच बुलडॉग इत्यादी जातींत हा गाभा ऐन तारुण्यातच शुष्क होतो व पुढे त्यात चुन्याचे क्षार साचतात. ह्या दोषाचे मूळ आनुवंशिक असून बाराव्या गुणसूत्रावरील एका वृद्धिघटक-जनुकाच्या अतिरिक्त प्रतीशी त्याचा संबंध असल्याचे २०१७ साली दाखविण्यात आले. स्वीडनमधील हान्सेन यांनी १९५२ साली ह्या विकाराचे दोन प्रकार मानले : पहिल्यात वलय फाटून गाभा एकाएकी मज्जारज्जूवर आदळतो, दुसऱ्यात वलयच हळूहळू फुगून रज्जूवर दाब आणते.

पहिल्या प्रकारात श्वानाचे मागील पाय काही तासांतच लुळे पडू शकतात. अशा वेळी हेमिलॅमिनेक्टॉमी ही शस्त्रक्रिया करतात. तीत मणक्याच्या कमानीचा एका बाजूचा भाग कोरून काढतात व त्या वाटेने बाहेर आलेला गाभा उचलून घेतात. परंतु शस्त्रक्रियेने दाब तेवढा दूर होतो. आघाताने रज्जूस झालेली इजा तिने भरून येत नाही. म्हणून ती इजा कितपत खोल आहे, हे आधी जाणणे अगत्याचे ठरते.

त्यासाठी पायाच्या बोटाचे हाड चिमट्याने दाबून पाहतात. येथे एक भ्रम संभवतो. श्वानाने पाय आखडून घेतला की संवेदना शाबूत आहे असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया होय. तिचे मंडल इजेच्या मागील रज्जुभागातच पूर्ण होत असल्याने मेंदूशी संबंध तुटला तरी ती घडते. श्वान मान वळवून पाहतो, कण्हतो किंवा चावू पाहतो, तेव्हाच वेदना मेंदूपर्यंत पोहोचली असे म्हणता येते. पाय आखडणे हे रज्जूच्या त्या भागाचे उत्तर, तर मान वळविणे हे श्वानाचे उत्तर होय.

ह्या भेदावर भवितव्याचे अनुमान अवलंबून असते. खोल वेदनेची जाणीव टिकून असलेल्या श्वानांपैकी शेकडा ९० च्या आसपास शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालू लागतात. ती लोपलेली असल्यास हे प्रमाण शेकडा ५० ते ६० पर्यंत उतरते. शिवाय अशा श्वानांपैकी सुमारे दहांतील एकाचा रज्जू उत्तरोत्तर विरघळत जातो. ही विकृती पुढे सरकत श्वसनाच्या स्नायूंपर्यंत पोहोचली की मृत्यू ओढवतो. ती शस्त्रक्रियेनेही थांबविता येत नाही.

तथापि जाणीव लोपली म्हणून शस्त्रक्रिया व्यर्थ, असा निष्कर्ष काढणे युक्त नव्हे. निम्म्या श्वानांस तिचा लाभ होतोच. मात्र आखडलेल्या पायास वेदनेची खूण मानल्यास मालकास खोटी आशा लागते व त्याची संमती चुकीच्या समजुतीवर आधारलेली राहते. निर्णयापूर्वी हा विवेक आवश्यक आहे, तो ह्याचसाठी.